पहिल्यांदाच दीड महिना आउटडोर. रेट सोडून आणखी काय बोलून घ्यायचं?

तासगावकर_कॅमेरा

नमस्कार मंडळी. मी तासगावचा. लग्नं, ऊस परिषदा, कारखान्याच्या वार्षिक सभा आणि जिल्ह्यातल्या एका केबल चॅनेलच्या बातम्या, असं मिळेल ते शूट करतो. आता पुण्यातल्या एका प्रॉडक्शन हाऊसकडून विचारणा आलीय. टीव्हीसाठी खाद्यभ्रमंतीचा कार्यक्रम आहे. दिवाळी झाली की निघायचं. आधी कोकण, मग कोल्हापूर, तिथून सोलापूर-लातूर करत विदर्भ आणि परतीला खानदेश. साधारण दीड महिना. युनिट लहान आहे: दिग्दर्शक, अँकर मॅडम, मी, दुसऱ्या कॅमेऱ्याला एक पोरगा, साऊंडला एक जण, प्रॉडक्शनचा एक जण आणि दोन गाड्या. कॅमेरा भाड्याचा एफएक्स सिक्स. अटेंडंट येणार नाही, "तूच सांभाळ" म्हणालेत.

दिवसाचा रेट ठरलाय, माझ्या दृष्टीने बरा आहे. वडील नाराज आहेत. तुळशीचं लग्न झालं की खऱ्या तारखा सुरू होतात आणि हा नेमका तेव्हाच भटकायला निघाला, असं त्यांचं म्हणणं. ते खोटंही नाही. बायको काही बोलत नाही, पण मुलगी आठ महिन्यांची आहे.

रेट सोडून आधीच काय काय बोलून घ्यावं? बरोबर काय न्यावं? लग्नाला दोन रात्री जागलो तरी तिसऱ्या रात्री आपल्या घरी आपल्या गादीवर असतो. दीड महिना हे लोक जमवतात कसं?

---

बीटाकॅम_डोंबिवली

रेट ठरलाय म्हणतोस. किती तासांच्या दिवसाचा? हे विचारलं नसशील तर काहीच ठरलेलं नाही.

मुंबईत मालिकांच्या सेटवर बारा तासांची शिफ्ट धरतात. पुढे गेलं की दीड, आणखी पुढे गेलं की डबल. पाळतात किती तो भाग वेगळा, पण तिथे निदान सिने-कामगारांच्या फेडरेशनचं नाव काढता येतं. तुमच्यासारखं दोन गाड्यांचं युनिट औशाच्या पुढे कुठेतरी शेतात उभं आहे हे कुणाच्या गावीही नसतं. तिथे तास मोजणारा तूच.

मोजायला कुठून सुरुवात करायची? कॅमेरा ऑन झाल्यापासून नव्हे, लॉजच्या दारातून निघाल्यापासून ते रात्री परत लॉजच्या दारात पोचेपर्यंत. प्रॉडक्शनवाले प्रवास धरत नाहीत. त्यांच्या लेखी गाडीत बसणं म्हणजे आराम. तुझ्याच रूटवरचं उदाहरण देतो. मालवणला संध्याकाळी समुद्रावरचा सीन, मग कुणाच्या तरी घरी माशाचं जेवण शूट, पॅकअप रात्री नऊला. सामान भरून, जेवून निघायला साडेदहा. कणकवलीवरून फोंडाघाट चढून कोल्हापूर, म्हणजे रात्री दोन-अडीच. आणि दिग्दर्शकाला रंकाळ्यावर पहाटेचा प्रकाश हवाय, म्हणून कॉल, म्हणजे हजर व्हायची वेळ, साडेपाचची. कॉलशीटवर हा दिवस एकदम सरळ दिसतो बघ. "दि. अमुक, मालवण. दि. तमुक, कोल्हापूर." मधली रात्र कागदावर नसतेच.

म्हणून माझी अट एकच असते आणि ती रेटच्या आधी बोलतो. रूमवर पोचल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या कॉलपर्यंत दहा तास. नऊवर घासाघीस करू देतो, आठवर काम सोडतो. आणि पॅकअपनंतर गाव बदलायचं नाही. गाव बदलायचं ते सकाळी, नाश्ता करून, ड्रायव्हर झोपून उठल्यावर.

ड्रायव्हरचं मुद्दाम सांगतो. मी पूर, दंगली, निवडणुका सगळं शूट केलंय. इरशाळवाडीला जुलै २०२३ मध्ये रस्ताच नव्हता, भर पावसात चिखलातून कॅमेरा खांद्यावर टाकून डोंगर चढलोय. त्यातल्या कशाचीच, पहाटे तीनला डुलक्या काढणाऱ्या ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटइतकी धास्ती वाटली नाही. तुम्ही शूट करत असता तेव्हा तो माणूस झोपलाय असं सगळ्यांना वाटतं. तो झोपलेला नसतो. तो बर्फ आणायला गेलेला असतो, अँकरचे कपडे इस्त्रीला टाकायला गेलेला असतो, विसरलेला दिवा आणायला मागच्या गावी गेलेला असतो. आणि रात्री त्याला रूम नसते. गाडीत सीट मागे करून, काचा बोटभर उघड्या ठेवून, डासांत पडतो. पहिल्याच लॉजवर रिसेप्शनला विचार, ड्रायव्हरसाठी खोली घेतलीय का. नसेल तर तिथल्या तिथे बोल. हे त्याच्यावर उपकार नाहीत, त्याच गाडीत तू बसणार आहेस.

आता दुसरं. अटेंडंट नाही आणि डेटा बघणारा माणूसही तुझ्या यादीत दिसत नाही. म्हणजे रात्रीचा डंप, कार्डांवरचं शूट डिस्कवर उतरवणं, तुझ्या गळ्यात. हिशेब सांगतो. एफएक्स सिक्सवर फोर-के, पंचवीस फ्रेम, एक्सएव्हीसी-आय हा रेकॉर्डिंग फॉरमॅट लावलंस तर तासाला ११० जीबीच्या आसपास जातात. असल्या कार्यक्रमात रोजचे चार तास रशेस, म्हणजे कच्चं शूट, सहज निघतात, म्हणजे साडेचारशे जीबी. फिरती हार्डडिस्क सेकंदाला १२० एमबीच्या घरात लिहिते, तेव्हा एका कॉपीला तास. दोन कॉप्या, त्या उघडून तपासणं, कार्डं रिकामी करणं, बॅटऱ्या फिरवत चार्ज करणं. दिग्दर्शक नऊला "गुड नाइट" म्हणून जातो, तू साडेबाराला लॅपटॉप मिटतोस. हे तास कोण मोजतं?

आम्ही बीटाकॅमवर होतो तेव्हा तीस मिनिटांची कॅसेट भरली की लाल खटका आत दाबायचा, लेबल चिकटवायचं, पेटीत टाकायची, संपलं. रात्री पत्ते खेळायचो. कार्डं आली आणि अर्ध्या रात्रीचं नवं काम कॅमेरामनच्या अंगावर पडलं, रेट मात्र तोच राहिला. म्हणून सांग: एकतर डेटाला माणूस द्या, नाहीतर दोन एसएसडी द्या. एसएसडीवर तेच काम कार्डाच्या वेगाप्रमाणे अर्ध्या तासाच्या आतबाहेर होतं. शिवाय निघण्याआधी एडिटरला फोन करून विचार, एक्सएव्हीसी-एल हा हलका फॉरमॅट चालेल का. डेटा निम्म्याहून कमी होतो. पुष्कळदा चालतं, पण विचारलेलंच नसतं. आणि दोन्ही कॉप्या एका बॅगेत, एका गाडीत ठेवू नकोस.

सामानाचं फार लिहीत नाही, तुला कळतं ते. दोनच गोष्टी. लॉजच्या खोलीत टीव्हीमागे एक प्लग असतो आणि दुसरा बाथरूमच्या दारापाशी, तेव्हा लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड स्वतःचा ने. आणि हल्ली तालुक्याच्या गावातही दाराचं कार्ड खाचेत घातल्याशिवाय खोलीत वीज येत नाही. बॅटऱ्या चार्जिंगला लावून कार्ड घेऊन जेवायला उतरलास की वर सगळं बंद. परत येतोस तर चार्जरवर एकही दिवा नाही. म्हणून पाकिटात एक जुनं जाड व्हिजिटिंग कार्ड ठेव, बहुतेक ठिकाणी खाचेत ते खुपसलं तरी चालतं. दुसरं कोकणातलं. रात्रभर एसीत ठेवलेला कॅमेरा सकाळी तसाच बाहेर काढलास तर लेन्सवर दव धरतं आणि पुसून जात नाही, परत येतं. कॉलच्या आधी अर्धा-पाऊण तास बंद बॅगेतच एसीबाहेर ठेव.

खाण्याच्या कार्यक्रमाला चाललोय म्हणजे खायला मिळेल, या भ्रमात राहू नकोस. ताट गरम असतं तेव्हा ते कॅमेऱ्यापुढे असतं. तुझ्या वाट्याला येतं तेव्हा पांढऱ्या रश्श्यावर साय आलेली असते आणि तीन वाजलेले असतात. सकाळी कॉलच्या आधी पोटभर खाऊन निघायचं. विदर्भात यजमान आग्रहाने सावजी वाढतील. एकदा खा, मनापासून खा, आणि रात्री दहीभात मागव.

---

खर्चाची_वही

मी लाइन प्रोड्युसर, म्हणजे शूटिंगचा खर्च आणि व्यवस्था बघणारा. वर आमचा उद्धार झालाच आहे, तर आमचीही बाजू.

दहा तासांची विश्रांती ऐकायला छान आहे. पण लहान कार्यक्रमाचं बजेट भागामागे ठरतं, दिवसामागे नाही. दोन दिवसांत एक भाग काढायचा असेल आणि गाव बदलायला तिसरा दिवस गेला, तर त्या दिवशीच्या खोल्या, दोन गाड्या, कॅमेऱ्याचं भाडं आणि आठ जणांचं जेवण कुठून आणायचं? चॅनेल त्याचे वेगळे पैसे देत नाही. त्यामुळे प्रवासाच्या दिवसाला अर्धा रेट ही सगळीकडची पद्धत आहे आणि ती फसवणूक नाही. तासगावकर, तू प्रवासालाही पूर्ण रेट मागितलास तर समोरचा माणूस पुण्यातल्या पुढच्या कॅमेरामनला फोन लावेल. खरं तेच सांगतो.

ड्रायव्हरच्या खोलीबद्दल मात्र बीटाकॅमशी शंभर टक्के सहमत. मी आता खोल्या सांगतानाच दोन्ही ड्रायव्हरांची एक डबल रूम धरतो. तेवढ्यावर पैसे वाचवणाऱ्या माणसाबरोबर काम करू नये.

पैशांचं एक कुणी सांगितलं नाही ते मी सांगतो, कारण पैसे अडकतात ते आमच्याकडेच. चॅनेल आम्हाला भाग पोचल्यावर पुढच्या दोन-तीन महिन्यांत पैसे देतं आणि ती ओढाताण खाली तुझ्यापर्यंत येते. म्हणून निघण्याआधी काही रक्कम अंगावर घे, ॲडव्हान्सशिवाय गाडीत बसू नकोस. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली आहेस का? ऑनलाइन होते, फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं. पैसे मागणाऱ्या एजंटाच्या वेबसाइटवर जाऊ नकोस, सरकारीवरच कर. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म उद्योगाचं बिल करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या पुढे ढकलता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तक्रारीला सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे. खरं सांगायचं तर तक्रार फार थोडे करतात. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की आमच्या अकाउंट्सवाल्यांच्या हातून ते बिल खाली सरकत नाही, कारण मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी करातून वजा करायची अडचण होते. नोंदणी काम सुरू व्हायच्या आधी कर. टीडीएस बहुधा दहा टक्के कापतील, तो तुझ्या पॅनवर जमा झालेला दिसतोय ना, ते बघत राहा.

---

बूमवाली

साऊंड करते. मूळची साताऱ्याची, राहायला गोरेगाव. आउटडोरला बहुतेक वेळा युनिटमधली एकटी बाई मीच असते, अँकर असेल तर दोघी.

दादा, तुम्ही स्वतःसाठी विचारताय, पण तुमच्या गाडीत अँकर मॅडम आहेत म्हणून लिहिते. रूट ठरवताना गाडी कुठे थांबणार हे कुणी विचारत नाही. पुरुषांना कुठेही चालतं. आम्ही सकाळी निघताना पाणी पीत नाही, दुपारपर्यंत डोकं धरतं आणि मग सगळे म्हणतात हिची चिडचिड होते. दर दोन तासांनी बऱ्यापैकी पेट्रोल पंप किंवा हॉटेल, एवढं प्रॉडक्शनच्या मुलाला नकाशावर आधी मार्क करून ठेवायला सांगा. वस्तीवर शूट असेल तर पहिलं काम म्हणजे ज्या घरी शूट आहे तिथल्या काकूंशी ओळख. बाथरूमचाही प्रश्न सुटतो आणि पुढे माईक लावतानाही काकू लाजत नाहीत.

माईकवरून आठवलं. नऊवारीतल्या आजींना लेपल, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माईक, लावायला पुरुष रेकॉर्डिस्ट गेला की त्या आक्रसतात, पदर घट्ट धरतात, आणि मग सगळ्या मुलाखतीत पदराची खसखस येते. तुमचा साऊंडवाला पुरुष असेल तर माईक त्याने हातात द्यावा आणि त्यांच्या सुनेकडून आत लावून घ्यावा. चुलीपुढे बसणार असतील तर ट्रान्समीटर कमरेला मागे, चुलीकडे नको, तापतो. आणि मिक्सर, फ्रिज, पिठाची गिरणी, लाऊडस्पीकरवरचं भजन यासाठी तुम्ही कॅमेरावाले दोन मिनिटं थांबत जा हो. प्रत्येक वेळी "एडिटमध्ये काढू" म्हणता. मिसळीच्या हॉटेलात मागे भांडी आपटत असतात, ते कोण काढणार?

तुमच्या बाळाचं वाचलं. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना मी परत आउटडोर सुरू केलं. रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करीन असं घरी कबूल करून निघू नका. ती वेळ नेमकी सूर्यास्ताची निघते, शॉट चालू असतो आणि तिकडे पोरगी फोन बघत बसते. त्यापेक्षा सकाळी गाडीत बसल्यावरचा वेळ धरा. तेव्हा कुणाला तुमच्याकडून काही नको असतं.

मधे एकदा घरी जायचं रूटमध्येच लिहून घ्या. कोल्हापूर झालं की सोलापूरला जाताना गाड्या मिरज-सांगोल्यावरूनच जाणार, तासगाव तिथून हाकेवर. एक रात्र घरी झोपून सकाळी थेट लोकेशनवर येतो म्हणा. नाही म्हणणार नाहीत, त्यांची एक खोली वाचते!

---

बीटाकॅम_डोंबिवली

बूमवालीने शेवटी सांगितलं ते सोनं आहे, मला सुचलं नव्हतं.

खर्चाची वही, प्रवासाला अर्धा रेट असेल तर असू दे, मी भांडत नाही. पण अर्धा रेट देताय तर तो दिवस प्रवासाचाच राहू दे. मला आलेला अनुभव असा: अर्धा रेट ठरला, सकाळी निघालो, आणि वाटेत दिग्दर्शकाला उसाच्या गाड्या दिसल्या. "जरा दोन शॉट घेऊ." मग गुऱ्हाळ दिसलं. "आलोच आहोत तर." गुऱ्हाळात रस काढण्यापासून काकवी, गूळ, ढेपा, मालकाची बाइट, सगळं झालं. कॅमेरा पेटीतून निघाला की पूर्ण शिफ्ट, हे त्याच वेळी बोलायला लागतं, नंतर बिलात लिहिलं की वाईटपणा येतो. तेव्हापासून प्रवासाच्या दिवशी मी कॅमेरा डिकीत सगळ्यात खाली, ट्रायपॉड आणि सुटकेसच्या तळाशी भरतो. काढायचाच असेल तर सगळ्यांनी उतरून सामान काढायचं. अर्ध्या कल्पना तिथेच मरतात.

बजेट भागामागे असतं हे मान्य. मग दोन गावांचे दोन भाग एका मुक्कामातून काढा ना. कोल्हापूरला तीन रात्री राहून पन्हाळा, गूळ आणि शहरातली मिसळ होते. रोज नव्या लॉजवर सामान चढवायचं-उतरवायचं यात दिवसाचे दोन तास जातात, त्याचा हिशेब तुमच्या वहीत कुठे येतो?

तासगावकर, विम्याचंही विचार. भाड्याच्या कॅमेऱ्याचा विमा भाड्याने देणाऱ्याचा आहे की प्रॉडक्शनचा, हे मेलवर लिहून घे. आणि रात्री गाडीत काहीही ठेवायचं नाही. माणूस नसलेल्या गाडीतून चोरी गेली की विमा कंपनी सहसा हात वर करते.

---

तासगावकर_कॅमेरा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी फोनवर बोललो आणि लगेच मेलही टाकला. विश्रांती नऊ तास कबूल झाली. पॅकअपनंतर गाव बदलायचं नाही, हे आधी "बघू" म्हणाले. फोंडाघाटाचं उदाहरण जसंच्या तसं दिलं तर पलीकडे थोडा वेळ आवाजच नाही, मग हो म्हणाले. एक एसएसडी देतायत, दुसरी मी माझी नेतो आणि तिचं भाडं लावतो. प्रवासाला अर्धा रेट, कॅमेरा निघाला तर पूर्ण. ड्रायव्हरना खोली आहे, ती त्यांनी आधीच धरली होती. एडिटर म्हणाला एक्सएव्हीसी-एल बिनधास्त लाव. उद्यम नोंदणी आज सकाळी केली. तासगावचा मुक्कामही लिहून मिळाला, वडिलांना सांगितल्यावर जरा नरमले. म्हणाले, त्या तारखेला एक लग्न करून जा. 😅

शेवटचा एक प्रश्न. माझ्याकडे लग्नासाठीचा ड्रोन आहे, साडेपाचशे ग्रॅमचा. तो घेऊन ये, सिंधुदुर्ग किल्ला आणि पन्हाळ्याचे दोन-चार शॉट घेऊ म्हणतायत. त्याचे वेगळे किती सांगू?

---

बीटाकॅम_डोंबिवली

काही सांगू नकोस, ड्रोन घरी ठेव.

२०२१ च्या नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर ड्रोनची नोंदणी आणि उडवणाऱ्याचं रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. लग्नाच्या मांडवावर कुणी विचारत नाही म्हणून चालून जातं. सिंधुदुर्ग आणि पन्हाळा दोन्ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे शूटिंगचीच आधी परवानगी काढावी लागते, ड्रोन तर पुढची गोष्ट. तिकडे चिपीचा विमानतळ आहे, तेव्हा डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी पोर्टलवर नकाशा बघावाच लागेल. आणि पकडला जातो तो रिमोट हातात असलेला माणूस. प्रॉडक्शन हाऊस तेव्हा पुण्यात असतं.

त्यांना कळव की सर्टिफिकेटवाला ड्रोन ऑपरेटर एक दिवस बोलवा आणि परवानग्यांची कागदं निघायच्या आधी मला व्हॉट्सॲप करा. बजेट नाही म्हणाले तर होडीतून जाताना किल्ल्याचा तट चांगला दिसतो, ट्रायपॉड होडीत लावू नकोस, कॅमेरा हातात धर आणि गुडघे सैल ठेव.